लहुराबीरला काय झालं

वाराणसी, ८ डिसेंबर २०२५

प्रिय इंदू,

तिकिटं झाली हे वाचून बरं वाटलं. तू म्हणतेस फोनवर बोलू, पण मागच्या वर्षीच्या तापात माझे कान गेले ते काही परत आले नाहीत. समोरच्याचं ओठांवरून कळतं, पण यंत्र लावून फोन धरला की नुसती मधमाशी गुणगुणते. तेव्हा आपलं हे मेलवर लिहिणंच बरं. मधेच कुणी तोडत नाही.

आता नीट वाच. तू इथेच वाढलीस, पण तू सोडलीस ती काशी आता नाही. डिसेंबरात धुकं असतं, विमानाचा भरवसा धरू नका. दिल्लीहून रेल्वेनं या. गाडी लेट होणार हे धरूनच चाला. कैंट स्टेशनवरून मैदागिनपर्यंत टोटो मिळेल, म्हणजे ती बॅटरीवरची रिक्षा. मैदागिनच्या पुढे गाड्या सोडत नाहीत, तिथून ब्रह्माघाटापर्यंत पायीच यावं लागेल. चाकांच्या मोठ्या बॅगा आणू नका, गल्लीतल्या पायऱ्यांवर त्या मढ्यासारख्या उचलाव्या लागतात. सुमंतरावांना हे आधीच सांगून ठेव.

ह्यांनी तर तुमच्यासाठी सगळं ठरवून ठेवलंय. सारनाथला कोणती बस, रामनगरहून परतायला कोणता ऑटो, कुठे उतरायचं. रोज संध्याकाळी चौराह्यावर जाऊन रिक्षावाल्यांशी बोलून येतात. मागच्या खेपेला सुमंतराव म्हणाले होते ना, ‘तुमच्या गावात रस्ता ओलांडायलाही नवस बोलावा लागतो.’ सगळे हसले होते. हेही हसले होते. पण ते वाक्य ह्यांनी इतकी वर्षं जपून ठेवलंय, हे मला आत्ता कळलं. जन्मभर विद्यापीठाच्या ग्रंथालयात हळू आवाजात बोललेला माणूस हा, रागावला तरी कुणाला कळत नाही.

तुझ्या मुक्तासाठी एक हिरवा दुपट्टा घेऊन ठेवलाय. लवकर या.

तुझी,
ताई


दिल्ली, २८ डिसेंबर २०२५

प्रिय ताई,

सकाळी दिल्लीला पोहोचलो. गाडी धुक्यात पाच तास उभी होती. आता विमानतळाजवळच्या हॉटेलात आहोत, रात्रीचं विमान आहे. मुक्ता झोपली आहे.

तुझ्याकडचे सहा दिवस किती पटकन गेले. तुझ्या हातचं जेवण आणि गच्चीवरचं ऊन मी तिकडे नेलं असतं. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे ती लिहून टाकते. सुमंत फार बोलला. मला दिसत होतं. सारनाथच्या बसमध्ये दोन तास अडकलो तेव्हा, आणि जागेवरून भांडताना एका प्रवाशानं कोपर मारून त्याचा ओठ फोडला तेव्हा तर तो भावोजींवरच ओरडला, जणू कोपर त्यांनीच मारलं. रामनगरहून येताना ऑटोत आठ माणसं कोंबली होती. भावोजी आम्हाला आत बसवून स्वतः एक पाय बाहेर टाकून लटकत आले, आणि घरी पोहोचल्यावर माफी त्यांनीच मागितली. प्रत्येक वेळी तेच माफी मागत होते. ताई, मी एकदा तरी सुमंतला गप्प करायला हवं होतं.

काल निघतानाही लहुराबीरला रिक्षावाल्याशी जरा बाचाबाची झाली, ती भावोजींनी सांगितलीच असेल. आम्हाला दुसऱ्या ऑटोत बसवून ते मागे राहिले. नीट घरी आले ना? तू दिलेला डबा मात्र तिथेच राहिला.

मुक्ता ठीक आहे.

तुझी,
इंदू


वाराणसी, २ जानेवारी २०२६

प्रिय इंदू,

हे नीट घरी आले. काळजी करू नकोस. स्वेटर खराब झाला होता, तो मी गार पाण्यात भिजवला.

बाचाबाची म्हणतेस, पण ह्यांनी मला सगळं सांगितलंय. भर रस्त्यात त्या टोटोवाल्यानं मुक्ताच्या गळ्याला हात घातला. ह्यांनी त्याला दोन थपडा दिल्या, आणखी लोक धावून आले आणि प्रकरण तिथेच मिटलं. माझ्या नवऱ्यानं कुणावर हात उचलला हे मला आधी खरंच वाटेना. पण मुलीच्या अंगाला कुणी हात लावला तर माणूस दुसरं काय करणार.

गल्लीत ही गोष्ट फिरली आहे. पानवाला ह्यांना ‘गुरुजी’ म्हणून नमस्कार करतो. परवा दुर्गाघाटावर एका मुलानं पाया पडून विचारलं, ‘आपने ही मारा था न उसको?’ तिथून घरी येईपर्यंत हे ताठ चालत होते. सुमंतरावांसमोर सहा दिवस ज्यांची मान खाली होती, त्यांची मान वर झालेली मला दिसली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

मुक्ता घाबरली असेल. तिला सांग, काका होते म्हणून निभावलं.

तुझी,
ताई


रॉटरडॅम, ११ जानेवारी २०२६

प्रिय ताई,

इथे बर्फ पडलाय. मुक्ताचं कॉलेज सुरू झालं. ती नीट जेवत नाही, पण तिचं असं अधूनमधून होतंच.

तुला एक विचारायचं होतं. त्या माणसाचं पुढे काय झालं, काही कळलं का? त्याला फार लागलं होतं का? कळलं तर लिही. नाहीतर जाऊ दे. झालं ते झालं, आता कुणी उकरू नये असं मला वाटतं. भावोजींनाही तेच सांग. गल्लीतल्या लोकांशी फार बोलू नका म्हणावं.

सुमंतला बढती मिळाली. त्यानं भावोजींना नमस्कार सांगितलाय.

इंदू


वाराणसी, २५ जानेवारी २०२६

प्रिय इंदू,

दोन जानेवारीच्या पत्रात मी तुला पूर्ण खरं लिहिलं नव्हतं. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून. आता लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

दोन थपडा नव्हत्या. हे त्या दिवशी घरी आले तेव्हा बाही कोपरापर्यंत रक्तानं चिकटली होती, आणि ते रक्त ह्यांचं नव्हतं. बोटांची सालं गेली होती. मी हात धुऊन देत होते तर म्हणाले, ‘थांबताच येत नव्हतं गं.’ मी तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

त्या टोटोवाल्याचं नाव जियुत. वरुणापार राहतो, नदीच्या पलीकडे. त्याचा जबडा मोडला, तारांनी बांधलाय. डावा डोळा गेला. डॉक्टर म्हणतात, बुबुळ फुटलंच होतं, काढावं लागलं. तिशीचासुद्धा नाही तो. त्याची बायको सुगनी इथे आली होती. आमच्या दारासमोर उभी राहून तिनं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, ‘हमारे आदमी ने किया क्या था?’ मला तिचं ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. गल्लीतल्या लोकांनी तिला ढकलत चौकापर्यंत नेलं. कुणीतरी तिच्यावर शेणाचं पाणी फेकलं. मी खिडकीत होते. मी खाली उतरले नाही.

आता दोन केसेस आहेत. चौकीत जियुतवर छेडछाडीची लिहिली गेली आहे. सुगनीनं ह्यांच्यावर केली आहे. वकील म्हणून वेणीमाधवला घेतलंय, तोच तो पंचगंगा घाटावरच्या शास्त्र्यांचा मुलगा. त्याचं म्हणणं, मुक्तानं दोन ओळी लिहून दिल्या की त्या माणसानं आपल्याला धरलं, तर ह्यांच्यावरची केस टिकणार नाही आणि जियुत आत जाईल.

दुसरं कुणाला सांगू नकोस, पण हे बदलले आहेत. बाहेर जाताना काठी घेतात. संक्रांतीला दूधवाल्यानं उशीर केला म्हणून त्याची बरणी लाथेनं उडवली. परवा आमटीत मीठ कमी होतं, तर ताट भिंतीवर आलं. माझ्या कानाजवळून गेलं. मग स्वतःच तुकडे वेचत बसले. केस मिटली की हे पूर्वीसारखे होतील, या आशेवर मी आहे.

म्हणून मुक्ताकडून तेवढं लिहून घे आणि लवकर पाठव.

तुझी,
ताई


रॉटरडॅम, ३ फेब्रुवारी २०२६

प्रिय ताई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं.

मुक्ताला यात ओढू नकोस, एवढंच माझं मागणं आहे. ती लहान आहे, अभ्यास आहे, तिला पुन्हा ते सगळं आठवायला लावायचं म्हणजे क्रूरपणा आहे. सुमंतचंही तेच मत आहे. त्याचं म्हणणं, परदेशातून असं लिहून दिलं की उद्या कोर्ट बोलावेल, मग नोकरी, व्हिसा, सगळ्याचा गोंधळ. आम्ही तर तिथे प्रवासी होतो.

भावोजींनी सरळ चूक कबूल करावी, असं सुमंत म्हणतो. वय बघून सोडतील. त्या माणसाच्या उपचाराला आम्हीही काही पाठवू.

माझ्यावर रागावू नकोस.

इंदू


वाराणसी, ४ फेब्रुवारी २०२६

इंदू,

चूक कबूल करावी? कुणाची? हात उठला तो तुझ्या लेकीसाठी. सहा दिवस ह्या माणसानं तुमच्या बॅगा वाहिल्या, बसमध्ये तुम्हाला जागा देऊन स्वतः उभा राहिला, सुमंतरावांचे टोमणे गिळले, आणि तुमच्या मुलीवर वेळ आली तेव्हा त्याच सुमंतरावांच्या आधी पुढे झाला. आज त्याला तुरुंगात जायची पाळी आली तर तुम्ही प्रवासी?

मला तुमचे पैसे नकोत. मुक्ताच्या दोन ओळी हव्यात. त्या देणार नसशील तर पुढे काही लिहू नकोस.

मालविका


रॉटरडॅम, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय मावशी,

मी मुक्ता. माझं मराठी लिहिणं चांगलं नाही. मी बोलते, फोन लिहितो, मग मी चुका काढते. तुझं शेवटचं पत्र मी आईच्या फोनवर वाचलं. आईला सांगून लिहिते आहे. ती बाजूच्या खोलीत रडते आहे, पण तिनं मला अडवलं नाही.

तुला दोन ओळी हव्या आहेत. त्या अशा आहेत. त्या माणसानं मला छेडलं नाही. तो मला सोडवत होता.

आम्ही मैदागिनवरून निघालो. आई आणि मी मागच्या सीटवर होतो. बाबा आणि काका आमच्यासमोर, आमच्याकडे तोंड करून. मधे बॅगा होत्या, त्यांच्या छातीपर्यंत. लहुराबीरच्या आधी पोलिसांनी रस्ता बंद केला होता. रिक्षावाला म्हणाला, गल्लीतून फिरवून नेतो, पण पैसे वाढतील. बाबांना ते पटलं नाही. ते खूप ओरडले. इंग्रजीत म्हणाले की हे सगळे चोर असतात. मग काकांना म्हणाले, ‘तुमच्यासारख्या माणसांनीच ह्यांना डोक्यावर चढवून ठेवलंय. एक रिक्षा धड ठरवता येत नाही तुम्हाला.’ काकांच्या कपाळावरची शीर उडत होती, ती मी बघत होते.

थंडी होती म्हणून तू दिलेला दुपट्टा मी गळ्याला दोनदा गुंडाळला होता. त्याचं टोक बाहेर लोंबत होतं, मला माहीत नव्हतं. रिक्षा वळून पुन्हा निघाली आणि ते चाकात गेलं. एकदम गळा आवळला. मला ओरडताच येईना. आई पर्समध्ये तिकीट शोधत होती. बाबा काकांकडे वळून अजून ओरडत होते, काका मान खाली घालून बसले होते, आणि बॅगांमुळे दोघांना चाक दिसत नव्हतं. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं असणार. त्यानं ब्रेक मारला, उडी टाकली, माझ्या गळ्यात बोटं घातली आणि सगळा जोर लावून दुपट्टा ओढला. तो फाटला. मला श्वास आला आणि मग मी किंचाळले. मावशी, माझी किंकाळी उशिरा आली. सगळ्यांनी किंकाळी ऐकली आणि त्याचा हात माझ्या गळ्यावर बघितला.

काका उठले आणि त्यांनी तुझ्या डब्यानं त्याच्या तोंडावर मारलं. तो गुडघ्यावर बसला. मी ‘नको, नको’ म्हणत होते, पण मला खोकला येत होता, आणि मला वाटतं मी डचमध्ये बोलत होते. काका मारतच राहिले. डबा उघडला, दशम्या रस्त्यावर पडल्या. कुणीतरी ‘लड़की छेड़ रहा है’ असं ओरडलं. पानाच्या दुकानातले लोक आले. मोटरसायकलवाले गाड्या रस्त्यात टाकून आले. एकानं हेल्मेटनं मारलं. त्यांनी त्याला केसांना धरून ओढलं. काकांना त्यांनी मागे ढकललं तर काका पुन्हा आत घुसले. त्यांच्या तोंडून आवाज येत होता, शब्द नव्हते.

मग बाबा उतरले. मला वाटलं ते थांबवतील. तो माणूस तेव्हा आडवा पडला होता, हातसुद्धा वर करत नव्हता. बाबांनी त्याच्या तोंडावर बुटानं लाथ मारली. दोनदा. त्यांचे डोंगर चढायचे जाड बूट आहेत ते. मग मला दंडाला धरून म्हणाले, चल, गाडी चुकेल.

गाडीत मी आईबाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, आपल्याला कुणी विचारणार नाही, तूही बोलू नकोस. कानपूर आल्यावर आई म्हणाली, ताईला हे कळलं तर ती मरेल.

त्या दिवशी मी गळ्याचा फोटो काढला होता. पाठवते. मी लिहून द्यायला तयार आहे, कोर्टात बोलायलाही तयार आहे. पण हेच बोलेन.

मला काका आवडतात. हे तुला कळावं म्हणून लिहिते.

मुक्ता


वाराणसी, ८ मार्च २०२६

प्रिय इंदू,

मुक्ताच्या पत्राला महिन्यानं उत्तर देते आहे, आणि ते तुला देते आहे. तिला मी वेगळं लिहीन.

पत्र आलं तेव्हा तीन दिवस मी ते कुणाला दाखवलं नाही. फोन पदराखाली घेऊन घरात फिरत होते. मनात एकच यायचं, हे पुसून टाकलं तर कुणाला कळणार आहे. तू जे दीड महिना केलंस, ते मी तीन दिवस केलं. तेव्हा तुला नावं ठेवायचा हक्क मला तेवढा कमीच.

चौथ्या दिवशी हे जेवून सुपारी कातरत बसले होते, तेव्हा मी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. अर्ध्यावर म्हणाले, ‘पोरीला शिकवून लिहून घेतलंय. सुमंताचं काम आहे.’ मी शेवटपर्यंत वाचलं आणि फोटो समोर धरला. गळ्याभोवती दोरी आवळावी तसा बारीक लाल वळ होता, या कानापासून त्या कानापर्यंत. बोटांचे वळ असे उठत नाहीत. ह्यांनी बराच वेळ बघितलं, मग फोन हिसकावून भिंतीवर फेकला आणि माझ्यावर हात उगारला.

मी मागे सरले नाही. तो हात तसाच वर राहिला. मग त्यांनी तो स्वतःच्या तोंडावर मारला. एकदा नव्हे. मी अंगावर पडून धरीपर्यंत नाकातून रक्त आलं होतं आणि चष्म्याची काच भुवईत शिरली होती. ‘मी काय केलं’ असं काही म्हणत असावेत. मला ऐकू येत नव्हतं आणि ओठ रक्तानं भरले होते.

दोन दिवस अन्न घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, चल. वेणीमाधव आडवा आला. ‘काका, केस आपल्या बाजूनं आहे, मुलीचं पत्र कुणी बघितलेलं नाही,’ म्हणाला. हे त्याला बाजूला सारून निघाले. आम्ही टोटो करून वरुणापार गेलो.

जियुतचं घर म्हणजे एक खोली आणि बाहेर हातपंप. ह्यांनी दारातच हात जोडून सांगितलं की मुलीचं पत्र आलंय, तुमची काही चूक नव्हती, मी तुम्हाला उगाच मारलं. वाक्य पुरं व्हायच्या आत जियुतच्या मोठ्या भावानं ह्यांच्या कानाखाली दिली. हे पंपाच्या चौथऱ्यावर पडले. त्यानं छातीवर गुडघा ठेवून आणखी मारलं, आणि ह्यांनी हात वर केला नाही. मीही मधे पडले नाही. मला वाटलं, मारू दे. बायको असून मला असं वाटलं.

सोडवलं ते सुगनीनं. जियुत खाटेवर बसला होता, डोळ्यावर पट्टी, जबडा बांधलेला. एकेक शब्द दातांतून काढत म्हणाला, ‘हमसे मत कहिए। जहाँ मारा था, वहाँ कहिए।’ सुगनी म्हणाली की स्टँडवर त्याला आता कुणी उभं करत नाही, आणि पंपावर बायका तिच्या घागरीला आपली घागर लागू देत नाहीत. लहुराबीरला पोरीला धरणाऱ्याची बायको म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लहुराबीरला गेलो. सुगनी आली, जियुतही आला. त्याच पानाच्या दुकानासमोर उभं राहून हे बोलले. दुपट्टा चाकात गेला होता, हा माणूस पोरीला वाचवत होता, मी न बघता मारलं आणि तुम्हीही मारलंत. ग्रंथालयातल्या त्याच हळू आवाजात बोलले, म्हणून पुन्हा सांगावं लागलं. तिथल्या पानवाल्यानं ह्यांच्यासमोर चहा ठेवला. म्हणाला, ‘गुरुजी, आपने ठीक किया था। अब मन छोटा मत कीजिए।’ हे म्हणाले, मी ठीक केलं नाही. एक मोटरसायकलवाला हसला. ह्यांनी त्याला ओळखलं, हेल्मेटवाला तोच होता. तो म्हणाला, ‘हम तो उस दिन शहर में ही नहीं थे।’ मग एकेक जण सरकला. कुणी दात कोरत, कुणी मोबाइल बघत. जियुत त्यांच्याकडे उरलेल्या डोळ्यानं बघत होता. त्याच्याकडे मात्र कुणीच बघत नव्हतं. दोन टोटोवाले तेवढे शेवटपर्यंत थांबले. त्यातला एक ह्यांच्या पायापाशी थुंकला, आणि मग जियुतला आपल्या गाडीत बसवून घरी घेऊन गेला.

हे चहाला शिवले नाहीत. तिथून सरळ चौकीत गेले.

आता जे लिहिते ते नीट वाच. दरोगानं ह्यांचा जबाब लिहून घेतला. हे म्हणाले, डबा मी मारला, जबडा मी मोडला, डोळा मी फोडला, सगळं मीच. दरोगानं कागद उलटले आणि म्हणाला, ‘घायल का बयान है कि आँख पर जूता लगा था, दो बार। आप तो चप्पल पहनते हैं।’ हे म्हणाले, त्या दिवशी बूट होते. इंदू, ह्यांच्याकडे बूट नाहीत. लग्नापासून मी ह्या माणसाच्या पायात कधी बूट बघितले नाहीत.

त्यांनी सुमंतरावांचं नाव घेतलं नाही. मी घेतलं.

तडकलेल्या फोनवर दरोगाला मुक्ताचं पत्र दाखवलं, वाचून दाखवलं, हिंदीत सांगितलं. नाव, पत्ता, नोकरी, सगळं लिहून दिलं. हे माझ्याकडे बघत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘तुझ्या बहिणीचा संसार आहे.’ मी म्हटलं, सुगनीचाही आहे.

जियुतवरची केस निघेल, असं वेणीमाधव म्हणतो. मुक्तानं तिथल्या वकिलातीत जाऊन जबाब द्यायचा, त्याचे कागद तो पाठवेल. ह्यांना जामीन मिळाला, खटला चालेल. शिक्षा झाली तर भोगायची, असं ह्यांनी ठरवलंय. काठी घेणं सुटलं. गल्लीतले नमस्कारही सुटले, त्याचं ह्यांना काही वाटत नाही, मलाच कधीकधी वाटतं. पेन्शनमधून जियुतकडे काही पोहोचवतो. सुगनी घेते आणि आमच्याशी बोलत नाही. रात्री हे दचकून उठतात आणि स्वतःचे हात बघत बसतात. मी दिवा लावते आणि शेजारी बसते.

सुमंतरावांना इथून नोटीस येईल. वेळ लागेल, पण येईल. बहिणीनं बहिणीशी असं करावं का, असं तुझ्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं, चौकीच्या पायरीवर. तरी मी आत गेले. तू पुन्हा लिहिशील की नाही, मला माहीत नाही. नाही लिहिलंस तर मी दोष देणार नाही.

एक कर. मी मुक्ताचं पत्र ह्यांच्यासमोर बसून वाचून दाखवलं, तसं हे पत्र सुमंतरावांना तू वाचून दाखव. त्यांच्या हातात देऊ नकोस. समोर बस, आणि शेवटपर्यंत वाच.

तुझी,
ताई